लेझर रिसर्फेसिंगनंतर त्वचेची निगा: पायऱ्यांचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

लेझर रिसर्फेसिंग, म्हणजे लेझरने त्वचेचा पृष्ठभाग नव्याने घडवण्याचा उपचार, झाल्यावर काळजी बहुतेक सगळेच घेतात. चुकतो तो क्रम. मलम लावायच्या दिवसांत सनस्क्रीन लावले जाते, नुसते राहू द्यायच्या दिवसांत सीरम सुरू होते, आणि दुसऱ्या कोणाच्या तरी चेहऱ्याला चौथ्या दिवशी मानवलेली गोष्ट आपल्याही चेहऱ्यावर चौथ्याच दिवशी करून पाहिली जाते. म्हणून या लेखातील दिवसांचे आकडे अंदाजापुरतेच धरावेत. पुढच्या पायरीवर जायचे की थांबायचे हे त्वचेची त्या वेळची अवस्था पाहून ठरवायचे असते, आणि त्यासाठी काय तपासावे ते त्या त्या ठिकाणी दिले आहे. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या सूचना आणि हा लेख यांत फरक आढळला, तर डॉक्टरांच्या सूचना पाळाव्यात. लेझर किती खोल गेले आहे हे त्यांनाच ठाऊक असते.

## १. कोणते लेझर झाले, हे आधी लिहून घ्यावे

‘चेहऱ्यावर लेझर केले’ एवढ्या माहितीवर निगा ठरवता येत नाही. ढोबळमानाने तीन प्रकार आहेत.

पहिल्या प्रकारात कार्बन डायऑक्साइड किंवा एर्बियम-याग लेझरने त्वचेचा वरचा थर सलग काढला जातो. त्यानंतर संपूर्ण भाग उघड्या जखमेसारखा असतो आणि त्यावर नवी त्वचा धरायला साधारण ७ ते १४ दिवस लागतात. दुसऱ्या प्रकारात हीच लेझर फ्रॅक्शनल पद्धतीने वापरतात. त्वचेत अतिसूक्ष्म छिद्रे पाडली जातात आणि दोन छिद्रांमधली त्वचा शाबूत ठेवली जाते. त्या शाबूत भागातून पेशी सरकत येऊन छिद्रे बुजवतात, त्यामुळे पृष्ठभाग ३ ते ७ दिवसांत बंद होतो. तिसऱ्या प्रकारात, उदाहरणार्थ १५५० नॅनोमीटरच्या फ्रॅक्शनल लेझरमध्ये, वरचा थर बहुतांशी टिकून राहतो आणि उष्णता आतल्या थरात पोहोचवली जाते. येथे लस, म्हणजे जखमेतून पाझरणारे पिवळसर पाणी, सहसा येत नाही; काही दिवस लाली व सूज राहते, मग त्वचा खरखरीत आणि किंचित तपकिरी होऊन बारीक कणांच्या रूपाने सुटते.

तिसरा प्रकार झालेल्यांना या लेखातील चौथी पायरी बहुधा पूर्णपणे लागू होणार नाही, आणि पहिला प्रकार झालेल्यांनी ती अर्धवट करून चालणार नाही. त्यामुळे क्लिनिकमधून निघण्यापूर्वी लेझरचा प्रकार, उपचाराचा भाग, दिलेली औषधे, पुढच्या तपासणीची तारीख आणि रात्री अपरात्री संपर्क साधण्याचा क्रमांक एका कागदावर लिहून घ्यावा. वेदना आणि सूज असताना तोंडी सांगितलेले फारसे लक्षात राहत नाही.

## २. तयारी: उपचाराच्या काही आठवडे आधीपासून

नंतर पडणाऱ्या काळ्या डागांचे मूळ पुष्कळदा आधीच्या उन्हात असते. त्वचा उन्हाने काळवंडलेली असेल तर तिच्यातील रंगपेशी आधीच चेतलेल्या असतात, आणि लेझरची उष्णता मिळताच त्या अधिक रंगद्रव्य तयार करतात. गव्हाळ, सावळ्या आणि काळ्या त्वचेत हा धोका जास्त असतो. म्हणून निदान ४ आठवडे आधीपासून ऊन टाळणे आणि सनस्क्रीन रोज लावणे हा तयारीचा पहिला भाग आहे. तेवढ्यात सहलीहून रापून आला असाल तर डॉक्टरांना तसे सांगून तारीख पुढे ढकललेली बरी.

दुसरा भाग डॉक्टरांना माहिती देण्याचा. ओठांजवळ पूर्वी पाण्याचे बारीक फोड, म्हणजे हर्पिस, उठले असतील, मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील किंवा गेल्या वर्षभरात घेतल्या असतील, जखमेच्या जागी उंच, जाड वण धरण्याची सवय असेल, किंवा एखाद्या मलमाची अ‍ॅलर्जी असेल, तर विचारले नाही तरी सांगावे. हर्पिसचा विषाणू लेझरच्या उष्णतेने पुन्हा जागा होऊ शकतो. त्यामुळे चेहऱ्याच्या, विशेषतः तोंडाभोवतीच्या उपचारात अनेक डॉक्टर आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी विषाणूविरोधी गोळ्या सुरू करतात आणि त्वचा बंद होईपर्यंत चालू ठेवतात. फोड दिसत नाहीत म्हणून या गोळ्या मध्येच सोडणे ही नेहमीची चूक आहे. फोड दिसू नयेत यासाठीच त्या दिलेल्या असतात.

रेटिनॉल, ट्रेटिनॉइन, आम्लयुक्त सीरम, स्क्रब, वॅक्सिंग आणि ब्लीच केव्हा थांबवायचे ते विचारून घ्यावे. धूम्रपानामुळे त्वचेचा रक्तपुरवठा घटतो आणि जखम उशिरा भरते, त्यामुळे ते आधीपासून बंद करावे आणि जखम भरून येईपर्यंत बंदच ठेवावे.

सामान उपचाराच्या आदल्या दिवशी घरात असले पाहिजे: डॉक्टरांनी सांगितलेले मलम किंवा साधी, सुगंधविरहित पेट्रोलियम जेली, सौम्य आणि वासरहित क्लेन्झर, सुती गॉज, स्वच्छ अभ्रे, जास्तीची उशी, थंड घड्यांसाठी मऊ कापड आणि वेदनाशामक गोळ्या. चेहरा आग होत असताना औषधाच्या दुकानात जाऊन ‘जरा चांगले मलम द्या’ म्हणण्याची वेळ येऊ नये. नेहमीची सीरम, टोनर आणि फेसवॉशच्या बाटल्या न्हाणीघरातून उचलून कपाटात ठेवाव्यात. सवयीने हात तिकडेच जातो.

## ३. पहिले ४८ तास

पहिले काही तास उन्हात भाजल्यासारखी आग होते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूज सर्वांत जास्त असते, आणि सकाळी पापण्या इतक्या सुजलेल्या असतात की माणूस घाबरून जातो. सूज दोन्ही बाजूंना सारखी असेल आणि दिवस चढेल तशी उतरत असेल तर ती अपेक्षितच आहे. ती कमी राहावी म्हणून पहिल्या काही रात्री उशा उंच करून पाठीवर झोपावे. थंड पाण्यात बुडवून पिळलेल्या कापडाच्या घड्या १० ते १५ मिनिटे ठेवाव्यात आणि मधे विश्रांती द्यावी. बर्फ थेट लावू नये. या त्वचेला बधिरपणामुळे किती गार झाले ते कळत नाही आणि गारठ्याने इजा होते.

वेदनेसाठी साधारणपणे पॅरासिटामॉल पुरते. इतर वेदनाशामके विचारून घ्यावीत. डॉक्टरांनी पट्टी बांधून पाठवले असेल तर ती त्यांनी सांगितल्याखेरीज काढू नये. पट्टी नसेल तर पहिली धुलाई केव्हा करायची हे त्यांच्याकडून ठरवून घेऊन पुढची पायरी सुरू करावी.

तपासणी: वेदना दर दिवशी आदल्या दिवसापेक्षा कमी झाली पाहिजे. कमी होत आलेली वेदना पुन्हा वाढू लागली, तर ती केव्हाही सामान्य समजू नये.

## ४. धुणे, घड्या, मलम: उघड्या त्वचेची दिनचर्या

सगळ्यात जास्त चुका याच पायरीत होतात, म्हणून ती सविस्तर दिली आहे. जखम कोरडी ठेवली की लवकर भरते ही समजूत येथे उपयोगाची नाही. नव्या पेशींना पृष्ठभागावर सरकत जायला ओलावा लागतो. कोरड्या, कडक खपलीखाली त्यांना वाट शोधत खालून जावे लागते, भरायला वेळ लागतो आणि वणाची शक्यता वाढते. खपली धरूच न देणे हे या दिवसांतले काम आहे.

क्रम असा ठेवावा:

1. हात साबणाने किमान २० सेकंद धुवावेत. नखे आधीच कापलेली असावीत.
2. कोमट, स्वच्छ पाणी ओंजळीने चेहऱ्यावर सोडावे. शॉवरची धार थेट चेहऱ्यावर घेऊ नये. पाण्याच्या शुद्धतेविषयी शंका असेल तर ते उकळून गार करून वापरावे.
3. सौम्य क्लेन्झर सांगितले असेल तर ते तळहातावर पाण्यात विरघळवून बोटांच्या पेरांनी नुसते फिरवावे. जुने मलम पूर्ण निघालेच पाहिजे असा हट्ट नको. जे सहज सुटते ते सुटू द्यावे.
4. पिवळसर लस साचलेली किंवा खपली धरू लागलेली दिसली, तर ओल्या गॉजच्या घड्या १० मिनिटे ठेवाव्यात. काही डॉक्टर यासाठी पाण्यात थोडे पांढरे व्हिनेगर मिसळायला सांगतात. प्रमाण बहुधा दोन कप पाण्यात एक मोठा चमचा किंवा त्याहून कमी असते. सांगितले नसेल तर साधे पाणी वापरावे, आणि सांगितलेले प्रमाण स्वतःहून कधीही वाढवू नये.
5. गॉज किंवा स्वच्छ, मऊ कापड चेहऱ्यावर टेकवून पाणी टिपून घ्यावे. पुसू नये. रोजचा टॉवेल या दिवसांत वापरू नये.
6. त्वचा दमट असतानाच, एक-दोन मिनिटांच्या आत, मलम लावावे. डबीत बोट घालू नये. धुतलेल्या चमच्याच्या टोकाने लागेल तेवढे काढून घ्यावे, कारण डबी एकदा दूषित झाली की पुढचे सगळे दिवस तेच जंतू चेहऱ्यावर जातात. त्वचा सगळीकडे चकाकेल इतका थर पुरेसा असतो.

पूर्ण थर काढलेल्या उपचारात हे दिवसातून ४ ते ६ वेळा करावे लागू शकते, फ्रॅक्शनलमध्ये बहुधा ३ ते ४ वेळा. मलम मधल्या वेळात सुकून त्वचा ओढल्यासारखी वाटली, तर पुन्हा धुण्याची गरज नाही. त्यावरच पातळ थर द्यावा.

सावधान: निओमायसिन किंवा बॅसिट्रॅसिन असलेली प्रतिजैविक मलमे ‘जंतू नकोत’ म्हणून स्वतःच्या मनाने लावू नयेत. उघड्या त्वचेवर त्यांची अ‍ॅलर्जी सहज येते. जिथे मलम लागले बरोबर तेवढ्याच भागात लाली, तीव्र खाज आणि बारीक पुरळ दिसले, तर मलमाचाच संशय घ्यावा. स्टेरॉइड मिसळलेली गोरेपणाची क्रीम, तेले, घरगुती लेप आणि कोरफडीचा ताजा गर यांनाही या त्वचेवर जागा नाही. नैसर्गिक म्हणजे निर्जंतुक असे होत नाही.

मलमाने माखलेला अभ्रा आणि कपडे सहज पेट घेतात, ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. अभ्रा रोज बदलावा आणि चेहऱ्याला मलम असताना ज्योतीजवळ व धूम्रपान करणाऱ्यांजवळ जाऊ नये. गॅसच्या आचेपासून दूर राहण्याला आणखी एक कारण आहे: उष्णतेने लाली आणि सूज दोन्ही वाढतात.

## थांबून बघावे: डॉक्टरांना त्याच दिवशी कळवण्याची लक्षणे

जंतुसंसर्ग बहुधा पहिल्या आठवड्यात दिसतो. वाढती वेदना, एकाच बाजूला किंवा एकाच ठिपक्यात जास्त लाली, पिवळा किंवा हिरवट पू, दुर्गंधी, ताप, भरत आलेल्या जागी पुन्हा उघडलेली जखम, यांपैकी एकही दिसले तरी कळवावे. तीव्र खाजेबरोबर पांढरट थर किंवा बारीक पुळ्या दिसल्या तर बुरशीचा संसर्ग असू शकतो.

हर्पिस मात्र येथे फसवतो. वरचा थरच नसल्यामुळे ओळखीचे पाण्याचे फोड धरत नाहीत. त्याऐवजी एकसारख्या आकाराचे छोटे, गोल, उथळ व्रण गटाने दिसतात आणि भागाच्या मानाने वेदना जास्त असते. यात एक रात्रही थांबणे महाग पडते, कारण उघड्या त्वचेवर हा संसर्ग झपाट्याने पसरतो आणि मागे वण ठेवून जातो. डोळा दुखणे किंवा दिसण्यात फरक पडणे यासाठी तर तपासणीच्या तारखेची वाट मुळीच बघू नये.

रोज सकाळी एकाच खिडकीजवळ, एकाच कोनातून फोटो काढून ठेवावा. दर तासाला आरशात पाहून काहीच कळत नाही. काल आणि आज शेजारी ठेवले की लगेच कळते, आणि फोनवर डॉक्टरांना सांगायलाही ते उपयोगी पडते.

## ५. साल सुटू लागते तेव्हा

तिसऱ्या ते सातव्या दिवसांत खाज सुरू होते, आणि ती वेदनेपेक्षा जास्त छळते. खाजवणे आणि साल ओढणे यांनी झालेले नुकसान नंतर कुठल्याही क्रीमने भरून निघत नाही: ओढलेल्या तुकड्याबरोबर खालची कोवळी त्वचा फाटते, तिथे आधी काळा डाग आणि कधी कायमचा वण राहतो. खाज आली की थंड घडी ठेवावी, वर मलमाचा थर द्यावा आणि डॉक्टरांना विचारून खाजेची गोळी घ्यावी. झोपेत हात जात असेल तर पातळ सुती हातमोजे घालावेत.

अर्धे साल सुटून लोंबत असेल आणि सतत अडकत असेल, तर ते ओलवून स्वच्छ कात्रीने सुटलेला भाग तेवढाच कापावा. मूळ धरलेला भाग तसाच राहू द्यावा. वरचा थर न काढणाऱ्या लेझरनंतर चेहऱ्यावर दिसणारे तपकिरी, खरखरीत ठिपकेही असेच आपणहून जातात. स्क्रबने ते लवकर जात नाहीत, फक्त लाली वाढते.

## ६. त्वचा बंद झाली, हे कसे ओळखावे

पुढच्या सगळ्या पायऱ्या याच्यावर अवलंबून आहेत. चेहरा धुऊन टिपून घ्यावा, मलम न लावता १० मिनिटे थांबावे आणि मग पांढऱ्या गॉजचा तुकडा त्वचेवर हलका टेकवावा. गॉजवर ओलसर किंवा पिवळसर डाग उमटला, तर तो भाग अजून उघडा आहे. बंद झालेली त्वचा गुलाबी, कोरडी आणि गुळगुळीत दिसते. पाणी लागल्यावर ती झोंबत नाही.

चेहऱ्याचे सगळे भाग एकाच दिवशी बंद होत नाहीत. मान आणि जबड्याची कड येथे तेलग्रंथी कमी असल्यामुळे तेथे वेळ जास्त लागतो, त्यामुळे गालावर मॉइश्चरायझर आणि जबड्यावर अजून मलम असे दोन-तीन दिवस चालू शकते. एकाच भागातून दोन आठवड्यांनंतरही लस येत असेल तर दाखवून घ्यावे.

सावधान: या तपासणीआधी सनस्क्रीन लावू नये. तोपर्यंत ऊन टाळणे हाच उपाय: घरात राहणे, बाहेर पडावेच लागले तर रुंद काठाची टोपी आणि छत्री. खिडकीच्या काचेतूनही उन्हातील यूव्हीए (एका प्रकारची अतिनील) किरणे आत येतात, हे बसण्याची जागा ठरवताना लक्षात असू द्यावे.

## ७. मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन

त्वचा बंद झाल्यावरही दाट मलम चालू ठेवले तर छिद्रे बुजून मुरुम आणि बारीक पांढरे दाणे येतात. म्हणून या वेळी मलम सोडून सुगंधविरहित, साध्या मॉइश्चरायझरवर यावे. दाणे आले तर फोडू नयेत. मलम बंद केल्यावर बरेचसे आपोआप जातात.

सनस्क्रीन झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडचे, एसपीएफ ३० किंवा जास्त असलेले निवडावे. इतर सनस्क्रीन कोवळ्या त्वचेला झोंबू शकतात. चेहरा आणि मान यांना तर्जनी व मधल्या बोटाच्या लांबीइतक्या दोन रेघा लागतात, आणि बहुतेक जण याच्या निम्मेसुद्धा लावत नाहीत. बाहेर असताना दर दोन तासांनी पुन्हा लावावे. सावळ्या त्वचेसाठी आयर्न ऑक्साइड असलेले, त्वचेच्या रंगाचे सनस्क्रीन अधिक चांगले, कारण डाग केवळ अतिनील किरणांनी पडतात असे नाही. दृश्य प्रकाशही त्यांना चेतवतो आणि साधे सनस्क्रीन तो फारसा अडवत नाही. संध्याकाळी ते चोळून काढण्याऐवजी सौम्य क्लेन्झरने दोनदा धुवावे.

## ८. मेकअप, दाढी, व्यायाम

मेकअप आणि दाढी त्वचा पूर्ण बंद झाल्यावरच. मेकअपचे जुने ब्रश व स्पंज वापरू नयेत, आणि पहिल्या दाढीला इलेक्ट्रिक शेव्हर ब्लेडपेक्षा बरा. घाम येईल असा व्यायाम आणि वाफ खोल उपचारानंतर साधारण दोन आठवडे टाळावी. जलतरण तलावासाठी त्याहून जास्त थांबावे लागते, ते विचारून ठरवावे.

## ९. जुनी क्रीम परत आणण्याचा क्रम

रेटिनॉल, ट्रेटिनॉइन, आम्ल आणि व्हिटॅमिन सीचे सीरम यांसाठी खोल उपचारानंतर निदान ४ आठवडे थांबावे आणि डॉक्टरांची परवानगी घ्यावी. एका वेळी एकच वस्तू परत आणावी. आधी जबड्याच्या कडेला छोट्या भागावर तीन-चार रात्री लावून पाहावी, मग एकाआड एक रात्री चेहऱ्यावर, आणि ती मानवल्यावरच दुसरी. तीन वस्तू एकदम सुरू केल्या आणि चेहरा लाल झाला, तर दोष कोणाचा हे कोणालाच सांगता येत नाही.

## १०. पुढचे काही महिने: काय चालेल, काय दाखवावे

फ्रॅक्शनल उपचारानंतरची लाली काही दिवस ते काही आठवडे टिकते. पूर्ण थर काढल्यानंतर ती काही महिने राहू शकते आणि उष्णतेने, व्यायामाने किंवा रागाने तात्पुरती गडद होते. हळूहळू फिकट होणारी, सपाट लाली काळजीची नाही. पण एखाद्या ठिकाणी लाली टिकून राहून तो भाग बोटाला जाड किंवा कडक लागू लागला, खाजू लागला, विशेषतः तोंडाभोवती, जबड्यावर किंवा मानेवर, तर ती वणाची सुरुवात असू शकते. या अवस्थेत उपचार चांगला लागू पडतो, म्हणून ‘पुढच्या भेटीत दाखवू’ म्हणू नये.

काळे डाग बहुधा तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात उमटतात, म्हणजे सगळे निभावले असे वाटून सनस्क्रीन विसरले जाते नेमके तेव्हा. ते दिसताच घाबरून ब्लीच, साल काढणारे उपचार किंवा दुकानातून आणलेली डाग घालवण्याची क्रीम सुरू केली की दाह वाढून डाग आणखी गडद होतात. सनस्क्रीन काटेकोर करावे आणि डॉक्टरांना दाखवावे; डाग फिकट करणारे हायड्रोक्विनोन किंवा अ‍ॅझेलेइक आम्ल लागले तर ते त्यांच्या देखरेखीखाली घ्यावे. हे डाग बहुतेकदा काही महिन्यांत उतरतात. त्वचेचा फिकट, पांढुरका पट्टा मात्र सहा महिने किंवा त्याहूनही उशिरा दिसू शकतो, त्यामुळे उशिराच्या तपासण्या चुकवू नयेत.

आतल्या थरातील कोलॅजनची, म्हणजे त्वचेला आधार देणाऱ्या प्रथिनाची, घडण ३ ते ६ महिने, कधी त्याहून जास्त काळ चालू असते. तिसऱ्या आठवड्यात खड्डे किंवा सुरकुत्या पुरेशा कमी वाटल्या नाहीत म्हणून लगेच दुसऱ्या सत्राची तारीख मागू नये. आधीची लाली आणि डाग पूर्ण उतरल्यावर, आणि उपचारापूर्वीचा फोटो त्याच खिडकीतल्या ताज्या फोटोशेजारी ठेवून पाहिल्यावर, ते डॉक्टरांबरोबर ठरवावे.